दारातली सवाष्ण

अंगाला सोनेरी रंग चढला की बसायचं नाही, कुठं टेकायचं नाही आणि शक्यतो तोंडही उघडायचं नाही, हा प्रेमा मॅडमच्या गॅरेजातला नियम होता. बोललं की ओठांच्या कडेला रंगाला भेगा पडतात. त्यामुळं त्या सकाळी प्रेमानं सांगितलं, की तू मल्लेश्वरमच्या हॉलवर जाऊ नकोस, राजाजीनगरला जा, तिथल्या पोरीला ताप भरलाय, तेव्हा नयनाला धड नाहीही म्हणता आलं नाही.

राजाजीनगर म्हणजे तिची स्वतःची कॉलनी. आणि आज तिथल्या हॉलमध्ये लग्न होतं हेमलता वहिनींच्या सुशांतचं. हेमलता वहिनी म्हणजे कॉलनीतल्या मराठी मंडळाचा सगळा कारभार. घरी सकाळीच आप्पाजींनी, म्हणजे नयनाच्या सासऱ्यांनी, कोट झटकून ठेवला होता, आणि सासूबाई ट्रंकेतली पैठणी काढून तिच्या घड्या तपासत होत्या. ते लग्न राजाजीनगरात आणि आपण मल्लेश्वरमला, या हिशोबावर नयना रात्री निवांत झोपली होती. हिशोब असा फसला. भेगांची पर्वा न करता ती कसंबसं पुटपुटली, की मॅडम, दुसरी कुणी नाही का? प्रेमानं हातानंच नाही म्हटलं, "स्वल्प सांभाळून घे" म्हटलं, आणि व्हॅनचं दार उघडलं.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचे दिवस होते. बेंगळुरात हातात पैसा खेळायला लागला होता आणि लग्नात काहीतरी नवीन पाहिजे अशी लोकांना खाज सुटली होती. पूर्वी हॉलच्या दारात घरातल्याच दोन पोरी हळदीकुंकवाचं तबक आणि गुलाबदाणी घेऊन उभ्या राहत. प्रेमानं तिथं लक्ष्मी आणून उभी केली. जिवंत बाई, पण नखापासून मुकुटापर्यंत सोन्याची. लुगडं डिंकात बुडवून कडक केलेलं, खोबरेल तेलात कालवलेली सोनेरी पावडर कानाच्या पाळीपर्यंत फासलेली, आणि हातात पितळी तबक. पाहुण्यांनी यायचं, तबकातलं कुंकू आपल्या बोटानं लावून घ्यायचं, मूर्ती आहे की माणूस म्हणून वाद घालायचा आणि आत जेवायला जायचं. पोरं नाकासमोर टाळ्या वाजवून बघत.

काम नयनाला जमलं. श्वास पोटातून घ्यायचा, पापणी लवायची ती समोरच्याचं लक्ष तबकात असताना, आणि लुगड्याच्या आत हळूच एका पायाचा भार दुसऱ्यावर द्यायचा. घरात पेन्शनखेरीज काही येत नव्हतं आणि लेकीची, ईराची, शाळा वर्षागणिक महाग होत होती, तेव्हा जमवणं भागच होतं. घरी तिनं सांगितलं होतं, की यशवंतपूरला एका बाईकडं जरीकाम करते. मानेवर चुकून राहिलेला सोनेरी ठिपका त्या थापेत बरोबर बसायचा.

पण थाप एवढी एकच नव्हती. पहिल्या दिवशी प्रेमानं विचारलं होतं, सुमंगली आहेस ना? दारात उभी राहणारी सुमंगलीच लागते, लग्नघरचे लोक मुद्दाम चौकशी करतात. एका जागी बोभाटा झाला तर सगळ्या हॉलवाल्यांच्या कानावर जाईल आणि माझं दुकान उठेल. नयनानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत हो म्हटलं होतं. नवरा काय करतो? तर फिरतीवर असतो, म्हणाली.

फिरतीवर असायचाच श्रीकांत. सरकारी कारखान्यात इंजिनीअर होता, गावोगावची यंत्रं दुरुस्त करायला जायचा, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. कुणी दारात आलं की सासूबाई उंबऱ्यातूनच सांगत, श्रीकांत फिरतीवर आहे. चार वर्षांमागं चित्रदुर्गच्या अलीकडं जीप उलटली, आणि त्या फिरतीवरून तो परत आलाच नाही. सासूबाईंनी त्यानंतर तो शब्द कधी तोंडातून काढला नव्हता.

सासूबाईंना सगळी कॉलनी अक्का म्हणायची, म्हणून नयनाही अक्काच म्हणायची. अक्का खोटं बोलत नसत, ही कॉलनीला माहीत असलेली आणि कॉलनीनं भोगलेली गोष्ट होती. वर्गणी मागायला पोरं आली तर इतर घरांतून "साहेब घरात नाहीत" असं उत्तर येई. अक्का सांगत, "आहेत, पण देणार नाहीत." अशा बाईच्या घरात राहून नयना रोज खोटं बोलून बाहेर पडत होती.

कॉलनीतल्या बायका वाईट होत्या असं नाही, हेही सांगायला हवं. संक्रांतीला त्या नयनाला आवर्जून बोलावत. "तिळगूळ घ्यायला तरी ये हं," म्हणत. ती जाई. कुंकवाचा करंडा एकेकीला लावत तिच्या शेजारणीपर्यंत येई, मग लावणारीला अचानक स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवे, आणि परत आल्यावर करंडा नयनाच्या पलीकडच्या बाईपासून पुढं चालू होई. कुणी एक वावगा शब्द काढत नसे. इतक्या सभ्यपणे कुणाला ओलांडून जाणं शिकावं तर आपल्या लोकांकडून! दोन संक्रांती गेल्या, मग नयनानं जाणं सोडलं. गंमत म्हणजे अक्कांनीही सोडलं. गुडघे धरतात म्हणाल्या.

आता त्याच बायकांच्या दारात ती लक्ष्मी होऊन उभी राहणार होती. ओळखलं तर काय होईल, हे तिनं व्हॅनमध्ये छताचा दांडा धरून उभ्या उभ्या शंभरदा मनात घोळवलं. विधवेनं दारात उभं राहून लग्नाला अपशकुन केला, म्हणतील. प्रेमाचं दुकान बसेल, आपलं काम जाईल. हे सगळं परवडलं. पण अक्कांना चार बायकांदेखत मान खाली घालावी लागेल, आणि मग घरी आपल्याला आणि ईराला बघताना त्या मानेचं काय होईल, ते तिला कळत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस व्हॅनच्या काचेतून आपल्यालाच न्याहाळतोय असं तिला वाटत होतं.

फुलांच्या फलकावर सुशांतचं आणि विद्याचं नाव होतं. विद्या कन्नड घरातली. आधी तिच्याकडची मंडळी आली. बायका तबकाशी थांबत, बोट बुडवून कपाळाला लावत, गळ्याला हळद लावत आणि पुढं जात. नयनाकडं बघून हसत, पण हात लावत नव्हत्या. असंच सगळं पार पडलं तर देव पावला, असं तिला वाटायला लागलं. सोन्याच्या रंगात भुवया बुजल्या होत्या, केस मुकुटात गेले होते. शिवाय माणूस माणसाला चेहऱ्यानं थोडंच ओळखतं? जागेनं ओळखतं. रोजच्या भाजीवाल्याला देवळात बघितलं तरी आपण याला कुठं पाहिलंय म्हणून विचारात पडतो. नयना इथं असेल असं ज्यांच्या स्वप्नातही नाही, त्यांना ती दिसणार नव्हती.

मग वरपक्ष आला.

पुढं होत्या सुशांतच्या आत्या, पुण्याहून आलेल्या. त्यांनी तबकातली हळद बोटावर घेतली, आणि स्वतःला न लावता हात वर करून सरळ नयनाच्या कपाळाला लावली. वर कुंकू लावलं. आणि मग मान किंचित पुढं करून थांबल्या.

आपल्यात आधी समोरच्या सवाष्णीला लावायचं असतं, ती उलट आपल्याला लावते. स्वतःच्या हातानं स्वतःला लावून घेणं म्हणजे पंगतीत आपलं आपण वाढून घेणं. हे कानडी प्रेमाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. नयनाच्या लक्षात यायला हवं होतं, पण चार वर्षं जिच्या कपाळाला करंड्यातलं बोट लागलं नाही तिला त्याच्या रिती कशा आठवाव्या? आत्या कपाळ पुढं करून थांबल्या, आणि तबकाखालची नयनाची बोटं आपोआप उचलली गेली. जेमतेम केसभर. तिनं ती पितळेवर दाबून धरली. आत्या स्वतःशीच हसल्या, अगं बाई, मूर्ती नाही का ही, म्हणाल्या, आणि स्वतःला लावून आत गेल्या.

मग रांगच लागली. पुण्याच्या, बेळगावच्या, कॉलनीतल्या. जिनं तिनं हळद लावली, कुंकू लावलं, कपाळ पुढं केलं आणि हसून मागं घेतलं. ज्या हातांनी तिला संक्रांतीला ओलांडलं होतं, तेच हात ओळीनं तिच्या कपाळावर येत होते. सूड उगवल्याचा आनंद व्हावा असा हा प्रसंग, पण भीतीनं तिची नुसती गाळण उडाली होती. प्रत्येक चेहरा वीतभर अंतरावर येत होता. प्रत्येकीचा श्वास तिच्या गालाला लागत होता. कपाळावरचा थर वाढून कुंकू नाकावर गळायला लागलं आणि शिंक येते की काय अशी अवस्था झाली. तिनं जीभ टाळ्याला घट्ट लावली आणि समोरच्या माळेतला एक दिवा बघत राहिली.

तोच आप्पाजी आले. कोट, टोपी, हातात आहेराचं पाकीट. मूर्तीसमोर थांबून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दंडाजवळ डोळे नेले, आणि यंत्राच्या कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाच्या अधिकारानं जाहीर केलं, की फायबरची आहे, पण जोड कुठं दिसत नाही, काम चोख आहे. मग पहिल्या पंगतीला जागा मिळावी म्हणून लगबगीनं आत गेले. नयनाचा अडकलेला श्वास सुटतो न सुटतो तोच त्यांच्या मागं, गुडघे सांभाळत, अक्का आल्या.

अक्कांनी मूर्तीकडं पाहिलंच नाही. त्यांना असल्या नव्या थेरांचं कौतुक नव्हतं. पण तबक समोर आलं, तेव्हा रीत म्हणून त्यांनी हळदीला बोट लावलं. आणि बोट तिथंच राहिलं.

तबक धरलेल्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत करंज्या तळताना तेल उडालं होतं, आणि अक्कांनी स्वतः बटाटा किसून त्यावर थापला होता. रंग सगळीकडं गुळगुळीत बसला होता. त्या व्रणावर मात्र सुरकुतल्यासारखा झाला होता. अक्कांचे डोळे मनगटावरून वर आले, कोपर, खांदा, मान. नयना दिव्याकडं बघत होती. अक्का आपल्या डोळ्यांपर्यंत पोचल्या, हे तिला त्यांच्याकडं न बघताही कळलं.

नेमक्या तेव्हाच आतून हेमलता वहिनी आल्या. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं, की ती मूर्ती नाही, बाई आहे. त्यांनी प्रेमाला बोलावून घेतलं आणि आवाज न चढवता, पण चार जणींना ऐकू जाईल अशा बेतानं चौकशी सुरू केली. राग नाही हं, शुभकार्य आहे म्हणून विचारते. मूर्ती असती तर प्रश्न नव्हता, पण आमच्या बायकांनी हिला कुंकू लावलंय. ही सवाष्ण आहे ना? प्रेमा घाईघाईनं म्हणाली, सुमंगली आहे अम्मा, मी विचारूनच ठेवते. हेमलता वहिनींनी गळ्याकडं पाहिलं. एवढ्या दागिन्यांत मंगळसूत्र कसं नाही? नाव काय हिचं? कुणाकडची?

प्रेमानं नयनाकडं पाहिलं. नाव सांगण्यात तिला काहीच गैर वाटत नव्हतं. नाव सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि नयनाच्या तबकातलं कुंकू बारीक थरथरायला लागलं.

"मी ओळखते हिला," अक्का म्हणाल्या. "सवाष्ण आहे."

हेमलता वहिनी वळल्या. "तुम्ही कशा ओळखता, अक्का?"

"चांगली ओळखते. मंगळसूत्र रंगानं खराब होईल म्हणून काढून ठेवलं असेल." अक्कांचं बोट अजून हळदीतच होतं. "नवरा फिरतीवर असतो तिचा."

"हौदु, हौदु, फिरतीवरच," प्रेमा म्हणाली. "ती पण हेच बोलली होती."

अक्कांनी सांगितलं म्हटल्यावर विषय संपला. अक्का खोटं बोलत नसतात. हेमलता वहिनींनी सुटकेचा श्वास टाकला, प्रेमाला गुलाबपाणी संपल्याचं सांगितलं आणि व्याह्यांकडं गेल्या.

अक्का मात्र हलल्या नव्हत्या. त्यांनी हळद लावली. मग कुंकू घेतलं, आणि इतक्या जणींनी लावलेल्या त्या थरावर मधोमध जागा शोधून बोट टेकवलं आणि दाबून धरलं. इतरांसारखी मान पुढं केली नाही. उलट लावण्याची वाटही पाहिली नाही. पदर सावरून आत गेल्या.

नयना दिव्याकडं बघत राहिली, पण दिवा फुटून पसरायला लागला. डोळ्यातून एक थेंब सुटला आणि गालावरचं सोनं कापत हनुवटीपर्यंत गेला. खाली उभं असलेलं एक पोर म्हणालं, ही रडतेय. त्याच्या आईनं त्याला ओढलं आणि डोळ्यात हळद गेली असेल म्हणून समजावलं.

संध्याकाळी गॅरेजात तिनं तेल आणि बेसन लावून अंग सोलून काढल्यासारखं घासलं. घरी जायला पाय उचलत नव्हता. हॉलमधून सुटली, पण आता आगीतून फुफाट्यात. अक्का चारचौघांत आपली लाज राखतील, पण घरात? आयुष्यात न बोललेलं खोटं त्यांना आपल्यापायी बोलावं लागलं. आप्पाजींना त्यांनी सांगितलं असेल का? उद्या ईराला घेऊन कुठं जायचं, हा विचार तिनं बसमध्ये करून ठेवला आणि जिन्यात पुन्हा केला.

घरात आप्पाजी ईराला फायबरच्या मूर्तीचं वर्णन ऐकवत होते. म्हणजे सांगितलं नव्हतं. अक्का स्वयंपाकघरात देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या, अंगावर अजून पैठणी होती. नयना दाराशी उभी राहिली. इतका वेळ उभं राहून पाय दुखले असतील, बस, असं अक्का तिच्याकडं न बघता म्हणाल्या. ती बसली. ती प्रेमा बरी बाई आहे का, असं अक्कांनी विचारलं, आणि नयनानं हो म्हटलं.

"अक्का, माझ्यासाठी तुम्हाला खोटं बोलावं लागलं," नयना शेवटी म्हणाली.

"सगळं तुझ्यासाठी कुठं बोलले?" अक्का म्हणाल्या. "सवाष्ण आहे म्हटलं, ते तुझ्यासाठी. पुढचं, ते फिरतीचं, आपोआप तोंडातून गेलं. किती वर्षं तेच सांगत आले ना मी दारात." त्यांनी निरांजनाची वात उगाचच सारखी केली. "म्हटल्यावर घडीभर खरंच वाटलं गं. येईल आता परवा-तेरवा, असं."

नयनाला दुपारपासून आवरलेलं रडू आलं. अक्काही रडल्या. त्या घरात दोघी मिळून असं रडल्याला फार दिवस झाले होते; बाहेर आप्पाजींचा आवाज थांबला, पण ते आत आले नाहीत.

मग अक्कांनी डोळे पुसले आणि देव्हाऱ्यातला करंडा काढून नयनासमोर ठेवला.

"दुपारी मी लावलं. तू उलट लावलं नाहीस."

"मी कसं लावू, अक्का? माझ्या हातून..."

"लावलेलं परत लावायचं असतं. अर्धवट ठेवू नये," अक्का म्हणाल्या, आणि कपाळ पुढं करून थांबल्या.

नयनानं करंड्यात बोट घातलं. दुपारभर तबक धरून जागचा न हललेला तो हात तिनं अक्कांच्या कपाळाकडं उचलला. अक्का डोळे मिटून वाट बघत होत्या.